पडदेमास्तर आणि चौदा नंबरचा रंग

पडदेमास्तरांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं आहे. बाकी सगळ्यांना ते मास्तर. गेली एकतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या खिडक्या मोजतात. पडद्यांच्या दुकानात खाली काउंटर, वर शिवणखोली, आणि या दोन्हींत न बसणारे मास्तर. गळ्यात टेप, कानाला पेन, खांद्यावर दुमडती शिडी, आणि स्वारी निघाली लोकांच्या घरी.

खिडकी ते तीन ठिकाणी मोजतात. वर, मधे आणि खाली. एकाच ठिकाणी मोजून घरी जाणाऱ्या माणसाला ते मापवाला समजत नाहीत, पाहुणा समजतात.

"सरळ खिडकी मी अजून बघितलेली नाही," असं ते शिवणखोलीत एकदा छाती फुगवून म्हणाले.

"आणि सरळ माणूस?" मशीनवरून मान वर न काढता काकूंनी विचारलं. काकू म्हणजे शिवणखोलीच्या मुख्य. सहा मशिनी आणि सगळ्यांची अब्रू त्यांच्या हातात.

"त्याला पडदा कशाला लागतोय?" मास्तर म्हणाले. त्या दिवशी हसून हसून काकूंना सुईत दोरा ओवायला दोनदा चष्मा पुसावा लागला.

पण खरी गोष्ट अशी, की मास्तरांचं प्रेम खिडक्यांवर नव्हतंच. घरांवर होतं. खिडकी मोजायची म्हणजे आधी पलंग सरकवावा लागतो, आणि पलंग सरकला की घर बोलायला लागतं. पलंगाखाली व्यायामाची तीन यंत्रं, तिन्ही धूळ खात. कपाटामागे नवऱ्याने लपवलेली बिस्किटं, आणि त्याच कपाटावर बायकोने लपवलेली बिस्किटं. संध्याकाळी चहा पिताना हे सगळं बायकोला सांगायचं, नाव मात्र कुणाचं घ्यायचं नाही, हा मास्तरांचा धर्म. बायको तरी काय कमी! "तिसऱ्या मजल्यावरचे का?" एवढं ती हळूच विचारायची. मास्तर चहात तोंड घालायचे. तेवढ्यावरून तिला उत्तर मिळायचं.

मापं लिहायला त्यांच्याकडे वही होती, पण वही काढायला हात मोकळा लागतो. म्हणून ते मापं डाव्या हातावर लिहीत. मनगटाजवळ स्वयंपाकघर, वर चढत बैठकीची खोली, कोपराच्या आसपास बाल्कनी. एकदा एका घरी आग्रहाने खायला बसवलं, मास्तरांनी नीट साबण लावून हात धुतले आणि अख्खं स्वयंपाकघर मोरीतून वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी परत शिडी घेऊन दारात. "काल काहीतरी विसरलात का?" त्या घरच्या आजींनी विचारलं. "हो, तुमची खिडकी," मास्तर म्हणाले.

अशा माणसाच्या हातात टॅबलेट आला.

आणला मालकीणबाईंनी. वडिलांमागे दुकान त्यांच्याकडे आलं, तेव्हापासून त्या दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन आणतात. चार मापवाल्यांना चार टॅबलेट. माप त्यात, खिडकीचा फोटो त्यात, कापडाचे रंग त्यात, आणि शेवटी गिऱ्हाइकाची सहीसुद्धा त्यातच, बोटाने. कापडाच्या नमुन्यांचे जाडजूड ग्रंथ घरोघर वाहायचं काम बंद.

"तीन महिने शिकायला देते," मालकीणबाई म्हणाल्या. "ज्याला जमलं तो फेरीवर. ज्याला नाही जमलं त्याने आत बसायचं, कापायच्या टेबलावर. मास्तर, तुमच्यासकट."

कापायची खोली मागच्या बाजूला आहे. इतक्या पडद्यांच्या दुकानात त्या एका खोलीला खिडकी नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी चार भिंती आणि कात्री! मग संध्याकाळी चहाबरोबर सांगायचं काय? आज कापड कापलं. काल? काल पण कापड कापलं.

म्हणून मास्तर टॅबलेटच्या मागे हात धुऊन लागले. हातावर लिहिलेलं नसल्यामुळे आता धुवायला हरकतही नव्हती.

पहिला महिना विचारू नका. एकतीस वर्षं टाचण्या टोचून टोचून त्यांची बोटं अशी टणक झालेली, की टॅबलेटला ती बोटं वाटेचनात. दाबलं तर काही नाही, जोरात दाबलं तर तिसरंच काही. शेवटी त्यांच्या असं लक्षात आलं, की नाक लावलं तर चटकन कळतं. तेव्हापासून शिडीवर चढलेले मास्तर एका हातात टेप, दुसऱ्या हातात टॅबलेट आणि नाकाने आकडे, असे दिसू लागले. एका घरातल्या छोट्या मुलीने आईला विचारलं, "ते काका त्याला पापी का देतायत?"

ऊन हा दुसरा वैरी. कारकुनाला सावलीत बसून काम करता येतं. मास्तरांचा धंदाच खिडकीचा, आणि खिडकीत ऊन. टॅबलेट उघडला की त्यात माप दिसायचं नाही, स्वतःचंच तोंड दिसायचं, तेही घामाघूम. मग त्यांनी काळ्या अस्तराचा एक तुकडा जवळ ठेवला. तो डोक्यावरून घ्यायचा आणि आत टॅबलेट बघायचा. एका घरात कुत्रं होतं. त्याला मास्तर ओळखीचे होते, पण डोक्याजागी काळं कापड असलेला माणूस ओळखीचा नव्हता. त्या घरची दोन मापं अजून अंदाजाची आहेत.

आणि तिसरी भानगड तर फारच नाजूक. शिडीवर हात पुरेनात म्हणून मास्तर घरच्या माणसाला म्हणायचे, "वहिनी, जरा धरा हो हे." वहिनी धरायच्या, आणि धरता धरता बोट सरकवायच्या. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा फोटो.

"अगं बाई! ही तर समोरच्यांची झोपायची खोली!"

"वहिनी, ते बघू नका."

"नाही हो, मी कुठे बघतेय. भिंतीला ओल आलीय की त्यांच्या! आणि आमच्याकडे येऊन आमच्या ओलीला नावं ठेवतात!"

मास्तर शिडीवरून दोन पायऱ्या गाळून खाली आले. एकतीस वर्षं कुणाचं नाव न घेणाऱ्या माणसाच्या हातात आता सगळ्यांच्या घरांची चित्रं होती. त्या दिवसापासून त्यांनी टॅबलेट कुणाच्या हातात दिला नाही. दोरी बांधून गळ्यात अडकवला. मान दुखायला लागली ती तेव्हाच.

पण उगाच एकतर्फी कशाला सांगावं? टॅबलेटचे गुणही होते. नमुन्यांच्या ग्रंथांनी मोडलेला मास्तरांचा उजवा खांदा दोन महिन्यांत सरळ झाला. बारीक आकडे दोन बोटांनी मोठे करता येत, त्यामुळे चष्मा कपाळावर विसरला तरी चालायचं. माप टाकलं, की ते गिऱ्हाइकाचं दार ओलांडायच्या आत शिवणखोलीत काकूंसमोर. आणि भांडणं तर निम्मी झाली. पूर्वी पडदा लांब झाला की "तुम्ही चुकलात" आणि "तुम्ही फरशी बदललीत" यात अर्धा दिवस जायचा. आता मास्तर फोटो काढून दाखवायचे. "हे बघा ताई, तेव्हा हा गालिचा नव्हता." ताई गप्प. मास्तरांना या गप्प बसलेल्या तायांची चटकच लागली.

तिसऱ्या महिन्यात डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. बायकोने उपाय सांगितला. तिच्या फोनवर एक बटण होतं, डोळ्यांना आराम देणारं. तसंच ते टॅबलेटवरही सापडलं. मास्तरांनी नाकाने दाबलं. पडदा, म्हणजे टॅबलेटचा, जरा मऊ झाला. डोळे निवले. स्वतःहून शिकलेली ही पहिली गोष्ट, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. आपल्याकडे असू द्यावी एखादी विद्या.

आणि मग आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

नवीन दवाखाना, नऊ खिडक्या. मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "मास्तर, तीन महिने संपतायत. हे काम तुम्ही टॅबलेटवर एकट्याने पार पाडा. नीट झालं तर फेरी तुमची, मी परत विषय काढणार नाही."

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "मला पांढरं नको. लोक दात घेऊन येतात तेच मुळी अर्धमेले होऊन. भिंती पांढऱ्या, कोट पांढरा, त्यात पडदे पांढरे म्हणजे ते दारातूनच परत जायचे. मला सायीचा रंग हवाय. घरी आल्यासारखा."

मास्तरांनी टॅबलेट पुढे धरला. यंदाचं कापड नवीन होतं, रंगांना नावं नव्हती, नुसते नंबर. नावांवरून फार वाद होतात असं मालकीणबाईंचं मत. डॉक्टरीणबाईंनी एकेक रंग सरकवला आणि चौदा नंबरावर थांबल्या. "हाच. अगदी सायीसारखा." मास्तरांनाही पटला. नऊ खिडक्या तीन-तीन ठिकाणी मोजून झाल्या, बोटाने सही झाली. दहा दिवसांत पडदे तयार.

दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी पडदे लागले, आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

पडदे पांढरे होते. थोडेथोडके नाही, भिंतीला लाजवतील असे पांढरे. नऊच्या नऊ.

"मास्तर, ही साय आहे?"

मास्तरांनी घाईघाईने टॅबलेट उघडला. चौदा नंबर. टॅबलेटमध्ये साय, खिडकीत चुना. दोघांनी चार वेळा इकडून तिकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या दुकानात घोळ आहे."

मास्तरांच्या जिवात जीव आला. मग राग आला. ते पडद्यांचा गठ्ठा घेऊन रिक्षाने दुकानात आले आणि जिना चढताचढताच सुरू झाले. "काकू! डोळे घरी ठेवून येता का? कुठला तागा कापलात?"

काकूंनी शांतपणे तागा उचलून टेबलावर आपटला. त्यावर चिठ्ठी: चौदा. शेजारी पंधरा, तो खरा सायीचा. "मास्तर, डोळे माझे इथेच आहेत. तुमचे शोधा."

गडबड ऐकून मालकीणबाई वर आल्या. काउंटरवरच्या संगणकात त्यांनी आधीच बघितलं होतं. चौदा म्हणजे पांढरा, आणि खाली डॉक्टरीणबाईंची सही. "बाईंनीच निवडलाय, मास्तर. सही आहे. आपला काही दोष नाही. हाच तर टॅबलेटचा फायदा." आणि मास्तरांकडे बघून हसल्यासुद्धा. "काम चोख केलंत."

चोख! मास्तर तागा बघत उभे राहिले. मग हळूच जिन्यात जाऊन बसले. कालच बायकोने निळीत बुचकळून वाळवलेला पांढरा सदरा अंगात होता. त्यांनी टॅबलेट सदऱ्यासमोर धरला आणि फोटो काढला. फोटोतला सदरा सायीचा.

भिंतीचा काढला. भिंत सायीची. कात्रीच्या पात्यावर सुद्धा साय.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, ते डोळ्यांना आराम देणारं बटण. त्याने नक्की काय होतं?"

"पिवळसर होतं सगळं. झोपायच्या आधी वाचताना लावतात ते. का?"

"आणि दिवसा?"

"दिवसा कोण लावेल?" मग तिकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. "अहो. तुम्ही ते लावून लोकांना रंग दाखवत फिरताय का?"

मास्तरांनी चहात तोंड घालायला शोधलं, पण हातात चहा नव्हता.

त्यांनी बटण बंद केलं. सदरा धुतल्यासारखा पांढरा झाला. एक नाकाचा स्पर्श, आणि पुरावा नाहीसा! कुणाला काही कळणार नव्हतं. सही होती, नंबर होता, मालकीणबाईंचं 'चोख' होतं. फेरी हातात आली होती. फक्त दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उद्या सकाळी नऊ पांढऱ्या पडद्यांमध्ये उभं राहायचं, आणि चूक आपली नसताना आपलीच समजायची.

मास्तर जिन्यात बराच वेळ बसले. कापायची खोली तिथून दिसत होती. आतला दिवा सकाळीसुद्धा लावलेला.

मग उठले, वर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सही त्यांची आहे, पण रंग मी दाखवला. माझ्या टॅबलेटवर सगळंच पिवळं दिसत होतं. तीन आठवडे. फक्त त्यांनाच नाही, आणखी अकरा घरांना मी असेच रंग विकलेत."

शिवणखोलीतल्या सहाही मशिनी थांबल्या.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत, हे जास्त भीतिदायक होतं. त्यांनी टॅबलेट हातात घेतला, बटण लावलं, काढलं, परत लावलं. मग खाली जाऊन दुपारच्या फेरीला निघालेल्या बाकीच्या तिघा मापवाल्यांना टॅबलेटसकट घेऊन आल्या. चारही टॅबलेट काकूंच्या टेबलावर एका ओळीत मांडले आणि चारहींवर चौदा नंबर उघडला.

पहिला मास्तरांचा, सायीचा. दुसऱ्यावर राखाडी, कारण त्याचा मालक बॅटरी वाचवायला उजेड अगदी कमी ठेवतो. तिसऱ्यावर निळसर. चौथ्यावर चिकट हातांचे इतके ठसे, की कुठला रंग आहे हे देवालाच ठाऊक.

"चार टॅबलेट, चार चौदा," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही वर बसून ऐकतोय, शिवणखोलीने रंग चुकवला!"

तिघे मापवाले छताकडे बघू लागले. गेल्या दोन महिन्यांत रंगाच्या तक्रारी वाढल्या होत्या खऱ्या. प्रत्येक वेळी सही दाखवून गिऱ्हाइकाला गप्प केलं होतं. मालकीणबाईंनी एकेकाकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही?"

शेवटी राखाडीवाला म्हणाला, "सही होती ना."

"बाई, ते नंतर," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी दवाखाना उघडतोय." आणि एक पांढरा पडदा उचलून ते शिवणखोलीच्या खिडकीत गेले. पडदा उन्हात धरला. मग अस्तरांच्या ढिगातून एक तुकडा घेतला, फिकट जर्दाळू रंगाचा, आणि पडद्यामागे लावला. ऊन अस्तरातून गाळून पडद्यात आलं. पांढरा पडदा उबदार झाला. साय म्हणा, लोणी म्हणा, पण चुना खचित नाही.

काकू उठून जवळ आल्या. त्यांनी पडद्याला हात लावला, मागे गेल्या, डोळे बारीक केले. "अख्खं अस्तर शिवायला दोन दिवस लागतील."

"अख्खं शिवू नका. वरच्या पट्टीला नुसती टीप मारा. खाली मोकळं सोडा. दवाखान्यात पडदे धरून लोंबकळणार कोण आहे?"

"दात काढताना लोंबकळतीलही," काकू म्हणाल्या, पण हात आधीच दोऱ्याकडे गेला होता. सहा मशिनींनी असा काही ताल धरला, की खाली काउंटरवरच्या बरण्यांतली बटणं हलत होती. मास्तरांनी नऊ अस्तरं स्वतः कापली, खिडकी नसलेल्या त्या खोलीत उभं राहून. वर, मधे, खाली, तीन मापांप्रमाणे. ती मापं मात्र टॅबलेटमधूनच वाचली. त्यात एकही चूक निघाली नाही, हेही सांगायला हवं.

चार वाजता पडदे परत लागले. पश्चिमेच्या तीन खिडक्यांत ऊन होतं. डॉक्टरीणबाई आत आल्या, रोग्याच्या खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या आणि तिथून पडद्यांकडे बघत राहिल्या. मास्तर शेजारी उभे. दात काढून घ्यायला आल्यासारखे.

त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. बटण, आराम, सदरा, सगळं.

"आणि दिवे लावल्यावर?" खुर्चीतूनच प्रश्न आला.

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "दिव्यात पांढरे दिसतील, बाई. उजेड मागून हवा. दवाखाना किती वाजता बंद होतो?"

"सहाला."

"मग हिवाळ्यातला शेवटचा एक तास तेवढा भीतीचा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "शेवटच्या तासाला मी फक्त दात साफ करून घेणाऱ्यांना बोलवीन." मग उठून बसल्या. "तुमची दाढ किडलीय, मास्तर. हसताना दिसली. पुढच्या आठवड्यात या."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हा. दिवसभरात पहिल्यांदाच.

दुकानात परतले तर मालकीणबाई काउंटरवर वाट बघत होत्या. समोर त्या अकरा घरांची यादी.

"मास्तर, तुम्ही फेरी घालवलीत असं तुम्हाला वाटतंय ना?"

मास्तरांनी गळ्यातला टॅबलेट काढून काउंटरवर ठेवला.

"ही अकरा घरं. सोमवारपासून. प्रत्येक घरी जायचं, खरं काय झालं ते सांगायचं, नको असेल तो पडदा परत घ्यायचा आणि नवा रंग ठरवायचा. रंग कापडावर दाखवायचा, टॅबलेटवर नाही. काकू चौकोनी तुकडे कापून कडीत ओवून देतील. आणि हे तिघंही आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे असेच जातील. काय बोलायचं ते तुम्ही शिकवा. त्यांना सवय नाही."

"म्हणजे मी आत..." मास्तरांनी कापायच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आत बसून अकरा घरांची माफी कशी मागणार?"

काकू जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. "बाई, यांना अकरा घरांत जाऊन बसायला सांगताय? ही शिक्षा आहे की सुट्टी?"

मास्तरांनी यादी उचलली. टॅबलेट नव्हता, कागदच होता. ते एकेक पत्ता वाचत गेले. चौथ्या पत्त्यावर त्यांचं बोट थांबलं. ते घर त्यांना आठवत होतं. तिथली मोठ्या खोलीतली आरामखुर्ची सरकवायला त्यांना कुणी दिली नव्हती. दोनदा विचारलं होतं, दोनदा विषय बदलला होता.

"बाई," ते म्हणाले, "सोमवारी या चौथ्यापासून सुरुवात केली तर चालेल?"